रंग, आकडा, वळण

इथे न्यूझीलंडच्या महाराष्ट्र मंडळात नव्याने ओळख झाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तुम्ही काय करता?" आयटी, बँक, हॉस्पिटल किंवा फार्मसी असं काही सांगितलं की समोरचा समाधानाने मान हलवतो आणि बटाटेवड्याकडे वळतो. मी सांगायचे, "स्पीडवेच्या प्रक्षेपणात आहे." मग वडा हातातच राहायचा. हिल्सबरोच्या एका बाईंनी एकदा विचारलं होतं, "म्हणजे त्या चिखलातल्या गाड्या? मुद्दाम एकमेकींवर आपटतात त्या?"

"हो, त्याच."

"आणि तुम्ही त्यात नेमकं काय करता?"

"भांडण होऊ देत नाही."

त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. पण माझ्या कामाचं इतकं नेमकं वर्णन कॉन्ट्रॅक्टमध्येही नव्हतं. तिथे नुसतं 'लायेझन', म्हणजे दोन बाजूंमधला दुवा, एवढंच लिहिलं होतं. २०११ पासून आठ उन्हाळे मी दोन कानांवर दोन हेडफोन लावून बसले. डाव्या कानात शर्यत चालवणारी रेविन. उजव्या कानात बाहेर उभ्या असलेल्या ट्रकमधला टीव्हीचा दिग्दर्शक ग्लेन. रेविन म्हणायची, "गाड्या तयार आहेत, सोडते." ग्लेन म्हणायचा, "जाहिराती चालू आहेत, सोडू नको." ती दोघं एकमेकांशी थेट बोलत नसत. बोलली असती तर आठ उन्हाळे सोडा, आठ शनिवारही निघाले नसते.

आधी खेळ काय ते सांगते, कारण आपल्या लोकांना क्रिकेटपलीकडे मैदान दिसत नाही. मलाही दिसत नव्हतं. नवऱ्याला पामर्स्टन नॉर्थला गवतावर संशोधन करायची नोकरी लागली म्हणून आम्ही आलो. माझी इलेक्ट्रॉनिक्सची पदविका आणि पुण्यातला ध्वनियोजनेचा अनुभव यांच्या जोरावर मला प्रक्षेपणाची कामं घेणाऱ्या एका छोट्या कंपनीने घेतलं. नवरा गवतात, मी चिखलात. घरातली दोघांची गमबुटं ओळखायची सोपी होती, त्याची हिरवी आणि माझी तपकिरी.

लंबगोल मातीचा ट्रॅक असतो. भोवती काँक्रीटची भिंत, एका बाजूला स्टँड, बाकी तीन बाजूंना गवताची चढण. तिच्यावर माणसं ब्लँकेट, उश्या, गरम चिप्स आणि तीन पिढ्या घेऊन बसतात. शर्यती बऱ्याच प्रकारच्या असतात, पण जीव अडकलेला असतो तो टीम शर्यतीत. दोन टीम, प्रत्येकीच्या चार गाड्या. ज्या टीमची गाडी पहिली येईल ती टीम जिंकली. म्हणजे एक पळतो, त्याला रनर म्हणतात. बाकीचे समोरच्या टीमच्या रनरला अडवतात, भिंतीला टेकवतात, आडवे पडतात. ते ब्लॉकर. एका टीमच्या चारही गाड्या एका रंगात रंगवलेल्या असतात. रंगावरून कोणाची ते कळतं, आकड्यावरून कोण ते.

पहिल्या वर्षी मला यातलं काही कळत नव्हतं, तरी एक गोष्ट ओळखीची वाटली. पुण्यात माझे मामा एका मंगल कार्यालयाचे व्यवस्थापक होते आणि कॉलेजात असताना तिथला माइक मी सांभाळायचे. सकाळचं कार्य संपून संध्याकाळचं लागायचं असतं, दारात दुसरी वरात उभी असते, आत पहिल्यांची पंगत उठत नाही. मामा न ओरडता सगळं हलवायचे. रेविन तशीच होती. आठवडाभर दातांच्या दवाखान्यात फोन घ्यायची आणि शनिवारी पन्नासेक स्वयंसेवकांकडून हा सगळा पसारा हलवून घ्यायची. टक्कर झाली की टो ट्रक आत, गाडी बाहेर, माती सारखी, पुढची शर्यत आत. पगार कोणालाच नाही. पाण्याच्या टँकरवरचा माणूस आठवडाभर दूध वाहायचा आणि शनिवारी पाणी. तिचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नाही. फार चिडली तर ती "प्लीज" म्हणायची. ते ऐकून लोक पळत सुटायचे.

आता प्रेक्षकांविषयी, कारण सोमवारचे फोन माझ्याकडे यायचे. प्रेक्षकांचं म्हणणं ऐकून घ्यायला ऑफिसात कोणी तयार नव्हतं आणि मी नवीन होते. बाईमाणूस, परदेशी, सौम्य बोलेल असा त्यांचा अंदाज असावा. मी सौम्य नाही, पण पुणेकर असल्याने तक्रारीची मला मुळीच भीती वाटत नव्हती. तक्रार करणारा माणूस मन लावून बघतो, हे मला लहानपणापासून माहीत होतं.

आणि ही माणसं खरंच मन लावून बघायची. त्यांचं पहिलं दुःख होल्ड. गाड्या ट्रॅकवर उभ्या, ड्रायव्हर घामाघूम, चढणीवरची पोरं रात्रीच्या थंडीने काकडलेली, आणि वरून आदेश येतो, थांबा, टीव्हीवर सोफ्याची जाहिरात चालू आहे. एक गृहस्थ मला म्हणाले होते, "मी तिकीट काढून येतो. सोफावाला फुकट घरी बसतो. मग वाट मी का बघायची?"  दुसरं दुःख, कॅमेरा नेहमी पुढच्या गाडीवर. "रनर पळतोय हे मला माहीत आहे," एक बाई म्हणाल्या, "मागे त्याच्यासाठी कोण मरतंय ते दाखवा."

तिसरं दुःख समालोचकाचं. ऑकलंडहून अधूनमधून एक तरुण पाठवला जायचा. तो प्रत्येक टकरीला "अविश्वसनीय" म्हणायचा. एका दूध उत्पादकाने फोन करून शांतपणे विचारलं, "त्याचा स्वतःचाच विश्वास बसत नसेल तर मी का ठेवू?"

आमचा नेहमीचा समालोचक होता ट्रेव्हर. साठी उलटलेला, आधी दुधाच्या टँकरवर होता, मग मैदानावरच्या कर्ण्यावर, मग टीव्हीवर. वैजयंती हे नाव पहिल्याच दिवशी त्याने तोंडात घोळवून बघितलं आणि म्हणाला, "व्हीजे. चालेल?" मी म्हटलं, "स्वीट अ‍ॅज." म्हणजे एकदम चालेल, हे मी माझ्या मुलीकडून नुकतंच शिकले होते. तो खूश झाला.

त्याच्या बाबतीत एक तक्रार मात्र माझ्यामुळे आली. नोव्हेंबरातली शर्यत, दिवाळी नुकतीच झालेली. सोमवारी तीन फोन आले की कॉमेंटरीत कुरकुर असा आवाज येतो, केबल तपासा. मी अर्धा दिवस केबली तपासल्या, माइक उघडला, एक सुटा भाग बदलला. मग रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा लक्षात आलं. तो माझा चिवडा होता. डबा आमच्या दोघांमध्ये ठेवलेला असायचा आणि ट्रेव्हर होल्डमध्ये मूठ भरायचा. तेव्हापासून मी त्याला चकलीही दिली नाही, फक्त बेसनाचे लाडू. लाडवाचा आवाज येत नाही.

या तक्रारवाल्यांमध्ये अव्वल होत्या नोएलीनबाई. त्या मला "लव्ह" म्हणायच्या, मी त्यांना तोंडावर नोएलीन म्हणायचे, मनात मात्र त्या बाईच होत्या. सत्तरी पार केलेल्या, एके काळी शाळेच्या कँटीनमध्ये. स्टँडच्या माथ्यावर आमची समालोचनाची काचेची खोली, तिच्या अगदी खालचीच खुर्ची त्यांची. एका कानात फोनची तार, तीतून टीव्हीचं समालोचन ऐकायच्या आणि डोळ्यांनी शर्यत बघायच्या. काही चुकलं की मागे वळून आमच्या काचेकडे बघायच्या. तेवढं पुरायचं. सोमवारी सकाळी पहिला फोन त्यांचा.

"आकडे बोला की. त्या ट्रेव्हरला झालंय काय हल्ली? 'बघा, काय वळण घेतलंय!' कोणी घेतलं?"

मी समजावलं की आता पडद्यावर खाली पट्टी येते, तिच्यात आकडे असतात. ती पट्टी आमच्याच कंपनीने बसवली होती. प्रत्येक गाडीत एक छोटं यंत्र, ट्रॅकखाली तार, गाडी वरून गेली की क्रमांक पडद्यावर. त्यावर मी स्वतः महिनाभर खपले होते. ग्लेनने तर ट्रेव्हरला सांगूनच टाकलं होतं की पडद्यावर दिसतं ते परत बोलू नको, लोकांना डोळे आहेत.

"लोकांना आहेत, लव्ह," नोएलीनबाई म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. डेस, त्यांचा नवरा, याच मैदानावर वीस-बावीस वर्षं गाडी चालवलेला माणूस. आकडा सत्तेचाळीस. त्याची नजर दोन वर्षांपासून जात चालली होती. मधोमध काळा ठिपका, कडेला धूसर. टीव्हीसमोर बसला तर पडदा उजळ आहे एवढंच कळायचं. मैदानावर यायला तो तयार नव्हता, कारण तिथे हात धरून जिना चढावा लागला असता आणि सगळ्या गावाने ते बघितलं असतं. गावात सांगितलं होतं की गुडघे दुखतात.

"त्यात आमची केला यंदा टीममध्ये आहे," त्या म्हणाल्या. केला त्यांची नात. दिवसा इलेक्ट्रिशियन, शनिवारी ब्लॉकर, गाडीवर आजोबांचाच आकडा. "पोरगी मागे काय करते ते तुमचा कॅमेरा दाखवत नाही आणि तुमचा माणूस सांगत नाही. बाहेरगावची शर्यत घरी लावली की डेस माझ्याकडे तोंड करून बसतो आणि विचारतो, ती कुठे आहे? मी मैदानावर असते तेव्हा शेजारचा पोलीसवाला येऊन बसतो त्याच्याबरोबर, पण त्याला काय डोंबल कळतंय? तो रग्बीवाला."

"डेसना विचारा ना, त्यांना नेमकं काय ऐकायचं आहे?"

"विचारायला नको. रोज ओरडतो. रंग, आकडा, वळण. बस. बाकीचं काव्य जाहिरातीत घाला म्हणतो." आणि मग, "हे ट्रेव्हरला सांगायचं नाही हं. डेसला कळलं मी सांगितलं, तर मला घराबाहेर काढेल."

मला हे सगळं नवीन नव्हतं. आमच्या घरी टीव्ही उशिरा आला. क्रिकेट आम्ही रेडिओवर ऐकायचो, मराठीतलं धावतं समालोचन. डावखुरा कोण, चेंडू कुठे पडला, मिडऑफकडे कोण धावतंय. ते ऐकताना आम्हाला मैदान दिसायचं. पुढे टीव्ही आला आणि समालोचक गप्पा मारायला लागले. तक्रार जुनीच होती, फक्त न्यूझीलंडमधून आली होती.

मी ट्रेव्हरला म्हटलं, "प्रेक्षकांची मागणी आहे. रंग, आकडा, वळण."

"किती प्रेक्षकांची?"

"एकाची."

"एकाची?" तो हसला. "व्हीजे, ग्लेन माझी चामडी काढेल."

"तू कर्ण्यावर होतास तेव्हा किती जणांशी बोलायचास?"

तो लाडू खात होता. खाऊन झाल्यावर म्हणाला, "एकाशीच. नाहीतर बोलताच येत नाही." आणखी काही विचारलं नाही. पण त्यानंतर होल्डमध्ये तो पुटपुटत बसायचा, सराव केल्यासारखा. ग्लेनला खटकणार नाही अशा बेताने एखादा आकडा शर्यतीत घुसडायचा. सोमवारी नोएलीनबाई म्हणायच्या, "थोडं बरं होतं."

इथे एक खुलासा हवा. या लोकांच्या बोलण्यात 'नॉट बॅड' ही स्तुतीची शेवटची पायरी आहे. त्यावर काही नाही. आमच्या ऑफिसातल्या प्रेक्षकांच्या मतांच्या तक्त्यात 'नॉट बॅड' म्हणणाऱ्याला कोणीतरी मधल्या रकान्यात टाकलेलं बघितलं तेव्हा मी ते बदलून घेतलं. पुण्यात मोठ्या गवयाची मैफल ऐकून बाहेर पडलेला माणूस "बरा गायला" म्हणतो, त्याला मधल्या रकान्यात टाकलं तर कसं चालेल?

आता मुख्य संध्याकाळ. टीम शर्यतींची अंतिम फेरी, आमच्या नेहमीच्याच मैदानावर. पिवळी टीम घरची, निळी बाहेरगावची. केला पिवळ्यात. चढणीवर मुंगी शिरायला जागा नव्हती. नोएलीनबाई खुर्चीवर, कानात तार. घरी डेस टीव्हीसमोर.

अडचण आली ती चॅनेलकडून. आमचं थेट प्रक्षेपण सुरू व्हायचं होतं, पण आधीच्या कार्यक्रमातला दुसऱ्याच खेळाचा सामना लांबला. ग्लेन उजव्या कानात म्हणाला, "अजून आपल्याला चॅनेल मिळालेलं नाही. होल्ड."

डाव्या कानात रेविन म्हणाली, "पश्चिमेकडे बघ."

पश्चिमेला आभाळ शाईसारखं झालं होतं. मातीच्या ट्रॅकवर सर आली तर वरचा थर साबण होतो आणि त्यावर शर्यत होत नाही. तेव्हाच बारीक भुरभुर सुरू झालेली होती.

"मी आत्ता सोडते," रेविन म्हणाली. "पाऊस आला तर अंतिम फेरीच होणार नाही. इतकी माणसं आली आहेत."

"आत्ता सोडलीस तर थेट जाणार नाही," ग्लेनचं म्हणणं मी तिला सांगितलं. "रेकॉर्ड करून नंतर कापून दाखवतील."

कापून म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. ऑकलंडमध्ये बसून कोणीतरी रनरच्या दोन फेऱ्या ठेवील, तीन टकरी ठेवील, आणि वरून त्या 'अविश्वसनीय'वाल्याचा आवाज चिकटवील. ब्लॉकर कापले जातील. डेसला नात दिसायची ती हीच एक संधी होती, आणि ती माझ्या दोन कानांच्या मधे अडकली होती.

खालून चढणीवर टाळ्या सुरू झाल्या. या टाळ्या कौतुकाच्या नव्हत्या. "सोडा, सोडा" असा त्यांचा अर्थ.

"प्लीज, व्हीजे," रेविन म्हणाली. म्हणजे वेळ संपली होती.

तेव्हा मला मामांचं कार्यालय आठवलं. मुहूर्ताची वेळ यायची असते, नवरा-नवरी पाटावर उभी, मधे अंतरपाट, आणि अजून पाच मिनिटं बाकी. कार्य थांबवत नाही कोणी. गुरुजी एक कडवं जास्त म्हणतात, मग नवरीची मावशी माइक घेते, मग नवऱ्याच्या आत्याला सुचलेलं असतं. मंगलाष्टकं लांबवायची. लोक अक्षता हातात धरून उभे राहतात, पण खोळंबले असं कोणाला वाटत नाही, कारण काहीतरी चाललेलं असतं. मी माइकवर बसून कितीतरी मुहूर्त असे गाठले होते.

मी रेविनला म्हटलं, "शर्यत सोडू नको. गाड्या सोड. आठही गाड्या हळू फिरव, माती दाबायला. भुरभुरीने वरचा थर ओला होतोय, टायरांनी दबेल, ट्रॅक हातात राहील. आणि ट्रेव्हर एकेका गाडीची ओळख करून देईल. मैदानावरच्या कर्ण्यावर."

तिने क्षणभर विचार केला. "माती दाबायला हवीच होती," ती म्हणाली. "होल्ड म्हणायचं नाही कोणी."

"कोणी म्हणत नाही."

हिरवा दिवा लागला. आठ गाड्या गुरगुरत ट्रॅकवर आल्या आणि टाळ्यांचा सूर एकदम बदलला. ट्रेव्हरला मी एवढंच म्हटलं, "आपल्याला चॅनेल मिळेपर्यंत बोलत राहा." तो खुर्चीत पुढे सरकला. त्याने प्रत्येक गाडी घेतली. रंग, आकडा, ड्रायव्हर कोण, बाप कोण, गेल्या वर्षी कोणाची चाकं कोणी उपटली. सत्तेचाळीस आली तेव्हा म्हणाला, "पिवळा सत्तेचाळीस, केला. हा आकडा या मैदानाच्या ओळखीचा आहे. याच तिसऱ्या वळणावर या आकड्याने मला स्वतःला एकदा भिंतीत घातलं होतं, मी तेव्हा दोन शर्यती चालवल्या आणि माइक धरला." मैदान हसलं. याच कडव्यात उजव्या कानात ग्लेन ओरडला, "चॅनेल आलं, आपण लाइव्ह आहोत." म्हणजे डेसने ते ऐकलं.

मी रेविनला म्हटलं, "सावधान." तिला शब्द कळला नाही, अर्थ कळला. गाड्या रांगेत आल्या आणि शर्यत सुटली.

पहिल्या फेरीत पिवळा रनर सुटला. कॅमेरा त्याच्यामागे. दुसऱ्या फेरीला निळा बासष्ट, त्यांचा रनर, अंतर कापत होता. ग्लेनच्या पडद्यावर पुढची गाडी, सुंदर चित्र, चिखलाचा फवारा, मागे मैदानाच्या दिव्यांचा उजेड. आणि ट्रेव्हरने पडद्याकडे बघणं सोडलं. तो काचेतून खाली बघायला लागला.

"पिवळा सत्तेचाळीस, दुसरं वळण, मंदावली. मंदावली म्हणजे वाट बघतेय. निळा बासष्ट पहिल्या वळणातून बाहेर. सत्तेचाळीस आतून, आतून, तिसरं वळण, धरला! बासष्ट भिंतीला. सत्तेचाळीसचं पुढचं डावं चाक गेलं. ती मागे घेत नाही. गियर पुढेच. भिंत, बासष्ट, सत्तेचाळीस. सँडविच. निळा अकरा तिला काढायला येतोय, बाहेरून, तिसरं वळण, धडक! हलली नाही. पोरगी हलली नाही."

ग्लेन माझ्या कानात म्हणाला, "त्याला सांग, चित्रावर ये. चित्र पुढच्या गाडीवर आहे. हा कुठे आहे?"

माझ्यासमोर एक बटण होतं. ते दाबून बोललं की ट्रेव्हरच्या कानात जायचं. इतक्या वर्षांत ग्लेनचा एकही निरोप माझ्याकडे अडकला नव्हता.

"व्हीजे, सांगितलंस?"

"बोलतोय तो," मी म्हटलं. हे खरं होतं.

"निळा बासष्ट चौथं वळण, चिखलाने माखलेला, सरळ पट्टा," ट्रेव्हर बोलतच होता. "पिवळा रनर शेवटची फेरी. तिसऱ्या वळणावर सत्तेचाळीस अजून तिथेच. धूर निघतोय. हात बाहेर काढून दाखवला, ठीक आहे ती. पिवळा रनर चौथं वळण, सरळ, झेंडा. पिवळे जिंकले. आणि जिंकून दिलं तिसऱ्या वळणावर."

खाली नोएलीनबाई उभ्या होत्या. मागे वळून आमच्या काचेकडे बघितलं नाही. पहिल्यांदाच.

गाड्या आत गेल्या आणि पाऊस आला, असा की टो ट्रकचे दिवे दिसेनात. रेविन डाव्या कानात म्हणाली, "बरं जमलं." मग हेडफोन काढून ती लोकांच्या गाड्या चिखलातून बाहेर काढायला गेली. माझ्यासाठी तो निरोप पुरेसा होता.

सोमवारी फोनांचा पाऊस पडला. चित्र एकीकडे आणि बोलणं भलतीकडे, हा काय प्रकार? समालोचकाला पडदा दिसत नाही का? तिसऱ्या वळणाचं एवढं वर्णन केलं तर मग दाखवलं का नाही? मी एकेक तक्रार घेतली आणि "बरोबर आहे तुमचं" म्हटलं. खरंच बरोबर होतं. पुढच्या हंगामात ग्लेनने एक जास्तीचा कॅमेरा मागच्या गाड्यांवर लावला. हे स्वतःच्या डोक्यातून निघालं असं तो सांगतो. सांगू दे. चांगला दिग्दर्शक आहे. त्या दिवशीचं चिखलाच्या फवाऱ्याचं चित्र त्यानेच तर टिपलं होतं.

दुपारी नोएलीनबाईंचा फोन आला. इतक्या उशिरा कधी येत नसे.

"कसं वाटलं डेसना?" मी विचारलं.

"रेकॉर्डिंग परत परत लावायला सांगतोय. पोलीसवाला कंटाळून घरी गेला." मग म्हणाल्या, "मी विचारलं त्याला. म्हणाला, नॉट बॅड."

  फोनवर मागे समालोचन चालू होतं, ट्रेव्हरचा आवाज, पोरगी हलली नाही.

"पण," त्या म्हणाल्या.

'पण' येणार हे मला माहीत होतं.

"तो म्हणतोय, बासष्ट तिसऱ्या वळणावर भिंतीला होता. आमच्या पोरीने धरला होता. मग तोच बासष्ट चौथ्या वळणावर कसा? तो सव्वीस असणार, निळ्यांचा. ट्रेव्हरला सांग म्हणतो, नीट बघत जा."

मी रेकॉर्डिंग काढलं, चित्र थांबवून मोठं केलं. कोपऱ्यात चिखलाने माखलेली निळी गाडी होती. सव्वीस.

ट्रेव्हरला मी लगेच फोन लावला. हा निरोप मात्र शब्दाला शब्द पोचवला.  तो म्हणाला, "डेसला सांग, चूक कबूल. आणि गुडघे बरे झाले असतील तर पुढच्या शनिवारी खोलीत येऊन बस म्हणावं, माझ्या शेजारी. जिना मागच्या दाराने आहे. तिथून कोणाला दिसत नाही."